भाराखाली नऊ हजारांच्या वर मिसिंग: जेट बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. डर्ट ट्रॅकसाठी तयार केलेल्या यामाहा आरएक्स १३५ च्या टू-स्ट्रोक इंजिनाला पोर्टिंग केले आहे (म्हणजे सिलिंडरमधल्या वाटा कोरून मोठ्या केल्या आहेत), एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे पोट फुगलेला सायलेन्सर, आणि २८ मिमीचा कार्ब्युरेटर लावला आहे. इंजिन एका किकमध्ये सुरू होते, पहिल्या दोन लॅपमध्ये स्वच्छ ओढते आणि तिसऱ्या लॅपपासून पूर्ण थ्रॉटलवर साधारण ९,२०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) मिसिंग मारू लागते, म्हणजे मधले काही फेरे न जळता जातात. न्यूट्रलमध्ये मात्र तेच इंजिन १०,५०० पर्यंत विनातक्रार जाते. प्लग तीनदा बदलून झाला. चेंबरला लावलेल्या ऑक्सिजन सेन्सरने मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, दाखवल्यामुळे मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मापून सोडणारे भोक; आकडा मोठा तितके पेट्रोल जास्त) १४० वरून टप्प्याटप्प्याने १६५ वर नेला, तरीही मिसिंग कमी होण्याऐवजी वाढले. आता पुढे काय करावे?

पहिली विनंती अशी की, ज्या जेटवर पहिल्या दोन लॅप स्वच्छ जात होत्या त्याच जेटवर गाडी परत आणावी आणि बिघाड सापडेपर्यंत कार्ब्युरेटरला हात लावू नये. इंजिन मिसिंग करत असताना केलेले जेटिंग हे इंजिनाचे नसते, बिघाडाचे असते. असे चार दिवस गेले की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता हे वेगळे काढता येत नाही.

मिसिंग ऐकल्यावर मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो: हा दोष आरपीएमच्या मागे जातो आहे, भाराच्या मागे जातो आहे, की वेळेच्या मागे? प्रत्येक गिअरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलवर, अगदी न्यूट्रलमध्येही तो नेमक्या त्याच आकड्याला येत असेल, तर संशय पिकअपच्या (ठिणगीची वेळ कळवणाऱ्या कॉइलच्या) सिग्नलवर, सीडीआयमधल्या (ठिणगीची वीज साठवून सोडणाऱ्या डब्यातल्या) आरपीएम रोखणाऱ्या लिमिटरवर, किंवा क्रँकवरच्या सैल झालेल्या मॅग्नेटवर जातो. लिमिटरचे मिसिंग तर इतके धारदार आणि नियमित असते की एकदा ऐकल्यावर ते दुसऱ्या कशाशीही गल्लत करण्यासारखे राहत नाही. थ्रॉटल किती उघडला आहे यावर दोष अवलंबून असेल, तर तो प्लगवर पडणाऱ्या ताणाचा किंवा मिश्रणाचा असतो. सरळ पट्ट्यावर काही सेकंदांनी येणारा दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, पेट्रोल कमी पडल्याचा असतो, तर काही मिनिटांनी येणारा दोष उष्णतेचा किंवा टाकीच्या झाकणातल्या बुजलेल्या भोकाचा असतो.

तुमची गाडी न्यूट्रलमध्ये १०,५०० ला जाते, त्यामुळे आरपीएमच्या मागे जाणारा गट जवळपास बाद होतो. दोष भाराखाली आणि तिसऱ्या लॅपनंतर येतो, म्हणजे भार आणि वेळ हे दोन्ही त्यात आहेत. (अशी न्यूट्रल चाचणी वारंवार करू नका. बिनभाराच्या टू-स्ट्रोकला थ्रॉटल मिटल्यावर पेट्रोलबरोबर ऑइलही मिळत नाही आणि क्रँक मात्र दहा हजारांनी फिरत असतो.)

वेळेचा भाग आधी निकालात काढू, कारण तो स्वस्त आहे. टाकीचे झाकण सैल ठेवून तीन-चार लॅप मारा. मिसिंग गेले तर झाकणातले भोक साफ करा आणि पुढचे वाचण्याची गरज नाही. गेले नाही तर बाऊलखालचा ड्रेन स्क्रू उघडून, कॉक चालू ठेवून, एक मिनिटात किती पेट्रोल पडते ते मोजपात्रात मोजा. वीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण दहा लिटर, म्हणजे मिनिटाला १७० मिली पेट्रोल मागते. फ्लोटच्या सुईतून मिनिटाला ३०० मिलीपेक्षा कमी येत असेल, तर हाताशी राखीव काहीच नाही असे समजावे. जेट मोठा केल्यावर मिसिंग वाढले एवढ्यावरून पेट्रोल कमी पडत नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण पुरवठाच अपुरा असेल तर मोठा जेट बाऊल उलट लवकर रिकामा करतो. म्हणून अंदाज करू नका, मोजा.

आता त्या ऑक्सिजन सेन्सरविषयी, कारण तुमची दिशा तिथेच चुकली आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या फेऱ्यात ठिणगी पडली नाही, तर त्या फेऱ्याची सगळी हवा न जळता, आपल्या पूर्ण ऑक्सिजनसह चेंबरमध्ये जाते आणि सेन्सर प्रामाणिकपणे 'लीन' सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये तर काही ताजे मिश्रण एक्झॉस्ट पोर्टमधून तसेच निसटत असल्याने हा आकडा धडधाकट इंजिनातही थोडा संशयास्पद असतो. मिसिंग चालू असताना दिसलेला लीन आकडा हे मिसिंगचे कारण नसून परिणाम असू शकतो, आणि त्याच्या सांगण्यावरून जेट वाढवला की ओला झालेला प्लग आणखी सहज चुकतो. तुमच्याकडे नेमके हेच झाले असावे. एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा असेल तर तो इथे जास्त खरे बोलतो. मिश्रण खरोखर लीन होत असेल तर तापमान आधी वर चढते, आणि ठिणगी चुकत असेल तर मिसिंगबरोबरच ते खाली येते.

काटा नसेल तर जुनी पद्धत आहे. मिसिंग सुरू झालेल्या क्षणी चोक किंचित ओढावा. इंजिन सुधारले तर मिश्रण लीन आहे, आणखी बिघडले तर लीन नाही. कॉक बंद करून बाऊल उतरताना इंजिन मोकळे होते का, ही उलट चाचणीही पुष्कळ जण करतात, परंतु पूर्ण थ्रॉटलवर ती करू नये. मिश्रण आधीच लीन असेल तर पिस्टन चिकटायला फार वेळ लागत नाही.

पेट्रोल पुरेसे आहे आणि चोक ओढून सुधारणा होत नाही असे ठरले, की उरते ती ठिणगी. इथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे की न्यूट्रलमध्ये पडणारी ठिणगी भाराखाली का पडत नाही. प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडण्यासाठी लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, गॅप किती आहे आणि त्या क्षणी गॅपमधले मिश्रण किती दाट आहे या दोन गोष्टींवर प्रामुख्याने अवलंबून असते. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडा असतो, ब्लॉक (सिलिंडर) अर्धा रिकामा असतो आणि दुबळी कॉइलसुद्धा तिथे पास होते. पूर्ण थ्रॉटलवर, चेंबर जिथे काम करू लागतो तिथे, चित्र उलटे असते. परत येणारी दाबाची लाट एक्झॉस्टमध्ये निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलते. ह्या लाटेचा अभ्यास करूनच वॉल्टर काडेन यांनी पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरला दोनशे, काढून दाखवली होती. जितका भराव चांगला तितकी ठिणगीची मागणी जास्त. कारखान्यातून निघालेल्या आरएक्स १३५ ची कमाल शक्ती ७,५०० आरपीएमच्या आसपास मिळत असे आणि तिची इग्निशन त्याच हिशेबाने केलेली होती. तुम्ही भराव वाढवला, आरपीएम वाढवले आणि ठिणगीचा पुरवठा मात्र तोच ठेवला. ९,२०० आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये साडेसहा मिलिसेकंद असतात. तेवढ्यात सीडीआयमधला कपॅसिटर पुन्हा पूर्ण भरला पाहिजे.

हे खरे आहे का ते तपासण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे प्लगचा गॅप. सध्या ०.७ मिमी असेल तर फिलर गेज लावून ०.४५ करा आणि त्याच जेटवर, त्याच हवेत, पुन्हा तीन-चार लॅप मारा. मिसिंग गेले किंवा हजार आरपीएम पुढे सरकले, तर दोष इग्निशनच्या ताकदीत आहे हे जवळपास सिद्ध झाले. लक्षात घ्या, हा उपाय नाही, ही चाचणी आहे. मी स्वतः एकदा हिला उपाय समजून बसलो होतो, ते पुढे सांगतो.

प्लग निवडताना एक गोंधळ आपल्याकडे फार जुना आहे. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, आणि बॉशच्या प्लगवर आकडा जितका लहान तितका प्लग थंड. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या अर्थाने वाचून गरम प्लग लावल्यामुळे पिस्टनला पडलेली भोके मी पाहिली आहेत. अती थंड प्लग काजळी धरून चुकतो, अती गरम प्लग मिसिंग न करता थेट पिस्टन घेऊन जातो, म्हणून शंका असेल तेव्हा थंड बाजूला राहावे.

प्लग कॅपकडे कुणी बघत नाही. आत साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो, तो जळत जळत तीस-चाळीस हजारांवर जातो आणि बाहेरून कॅप नवीकोरी दिसते. मल्टिमीटरने तो थंड असताना मोजा, मग हेअर ड्रायरने चांगला गरम करून पुन्हा मोजा. प्लगमध्येही रेझिस्टर आणि कॅपमध्येही रेझिस्टर अशी जोडी असेल तर एक काढा. एचटी वायरचे, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जाड वायरीचे, टोक दोन्हीकडून पाच-पाच मिमी कापून नवी तार कॅपच्या स्क्रूवर बसवा. काळोखात, इंजिन चालू ठेवून, वायरीवर पाण्याचा हलका फवारा मारला तर निळसर रेघ ब्लॉकच्या फिन्सवर उडताना दिसते का ते पाहा.

किल स्विचची वायर हा दुसरा दुर्लक्षित संशयित. हँडलपाशी, टाकीखाली किंवा फ्रेमच्या कोपऱ्यात घासून तिचे इन्सुलेशन गेले असेल, तर कंपन वाढल्यावर ती मधूनमधून बॉडीला टेकते. सीडीआयपाशीच ती वायर सोडवून, मैदानात एकट्याने, एक-दोन फेऱ्या मारून पाहा. इंजिन बंद करण्यासाठी ब्रेक धरून गिअरमध्येच बसवावे लागेल हे आधी ध्यानात ठेवा, आणि इतर गाड्या ट्रॅकवर असताना हे अजिबात करू नका.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी एका इंजिनाला अगदी तुमच्यासारखीच लक्षणे होती: किक मारताच सुरू, दोन लॅप उत्तम, नंतर भाराखाली मिसिंग. मीही आधी जेटच बदलले. मग गॅप कमी केला, मिसिंग गेले आणि गाडी शर्यतीला पाठवून दिली. चौथ्या लॅपला ती परत मिसिंग मारू लागली. गॅप कमी केल्याने मागणी खाली आली होती, पण पुरवठा उष्णतेबरोबर त्याहूनही खाली येत होता. शेवटी मॅग्नेट काढून पाहिले तेव्हा आठवले की कॉइल प्लेटवरची सोर्स कॉइल, म्हणजे सीडीआयला वीज देणारी, हंगामाच्या सुरुवातीला रिवाइंड करून घेतली होती. रिवाइंड करणाऱ्याने मूळ तारेपेक्षा बारीक तार वापरून वेढे जास्त भरले होते. त्याच्या दृष्टीने हे चांगलेच काम होते, कारण जास्त वेढ्यांची कॉइल कमी आरपीएमला जास्त व्होल्टेज देते आणि गाडी पटकन सुरू होते. परंतु जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स, आणि आरपीएम वाढतील तशी तीच कॉइल स्वतःच्या करंटची वाट अडवते. म्हणूनच काही इग्निशनमध्ये कमी आरपीएमसाठी जास्त वेढ्यांची आणि जास्त आरपीएमसाठी कमी वेढ्यांची अशा दोन वेगळ्या वाइंडिंग असतात, आणि त्यातली दुसरी तुटली तर गाडी सुंदर सुरू होते आणि वर जाऊन मरते. 'एका किकमध्ये सुरू होते, म्हणजे कॉइल चांगली' हे वाक्य मी त्या दिवसापासून वापरायचे सोडले. तुमच्या प्रश्नातले 'एका किकमध्ये' हे शब्द वाचून मला तीच कॉइल आठवली, म्हणून तुमची प्लेट कधी रिवाइंड झाली आहे का, हे मला सर्वांत आधी जाणून घ्यायला आवडेल.

सोर्स कॉइल ओहममध्ये मोजताना तांब्याचा स्वभाव लक्षात ठेवावा. तापमान एक अंशाने वाढले की तांब्याचा रोध साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांना ३०० ओहम दाखवणारी धडधाकट कॉइल १०० अंशांना ३९० च्या जवळ दाखवेल. हा दोष नव्हे. गरम केल्यावर आकडा वाढण्याऐवजी कमी झाला तर आतले वेढे एकमेकांना टेकत आहेत, आणि एकदम अनंत झाला तर तार कुठेतरी तुटून थंडीत जेमतेम चिकटून बसली आहे. दोन्ही स्थितीत कॉइल बदला. मात्र ओहम बरोबर आले म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. माझ्या त्या रिवाइंड केलेल्या कॉइलचे ओहम स्थिर होते, फक्त मूळ कॉइलपेक्षा बरेच जास्त होते आणि तुलना करायला मूळ आकडा मी कुठे लिहूनच ठेवला नव्हता.

खरा निकाल व्होल्टेजने लागतो. साधा मल्टिमीटर एसीवर ठेवून इथे उपयोग नाही, कारण तो या तुटक लाटेची सरासरी दाखवतो आणि आपल्याला शिखर हवे असते. १एन४००७ हा काही रुपयांचा डायोड आणि एक मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर यांची जोडी करून तिच्यावर मीटर डीसीवर लावला की शिखराचा आकडा मिळतो. सीडीआयमधला कपॅसिटर समजा एक मायक्रोफॅरडचा आहे. ३०० व्होल्टला त्यात ४५ मिलिज्यूल ऊर्जा साठते. व्होल्टेज २०० वर घसरले तर ऊर्जा २० मिलिज्यूल उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेजमधली एक-तृतीयांश घट ठिणगीची निम्म्याहून जास्त ताकद नेते, हे इथे दिसते. इंजिन थंड असताना आणि तीन लॅपनंतर लगेच, दोन्ही वेळा मोजा आणि लिहून ठेवा. मोजून झाल्यावर कपॅसिटरची दोन टोके रेझिस्टरने जोडून तो रिकामा करा. तीनशे व्होल्टचा झटका विनोदी नसतो.

स्ट्रोब टायमिंग लाइटने आणखी एक गोष्ट कळते. मॅग्नेटवर पांढरी खूण करून, क्लॅम्प एचटी वायरीवर लावून, रोलरवर भार देऊन गाडी ९,००० पर्यंत न्या. दिवा मधूनमधून चुकत असेल तर सीडीआयपर्यंतच्या साखळीत दोष आहे, आणि खूण जागेवरून उडत असेल तर पिकअपकडे पाहा. दिवा एकदाही न चुकता इंजिन मिसिंग करत असेल तर मात्र घाईने 'इग्निशन ठीक' असे म्हणू नये. क्लॅम्प वायरीतला करंट पाहतो, तो करंट गॅपमधून उडाला की काजळीवरून वा कॅपच्या भेगेतून निसटला हे त्याला कळत नाही.

टायमिंग तपासत आहातच, तर डायल गेजने तपासा. ५० मिमी स्ट्रोक आणि १०० मिमी कनेक्टिंग रॉड असा हिशेब धरला तर टीडीसीपूर्वी (पिस्टन सर्वांत वर येण्याआधी) २० अंश म्हणजे पिस्टन जवळजवळ १.९ मिमी खाली. आपल्या रॉडची लांबी मोजून स्वतःचा आकडा काढावा, दुसऱ्याचा उसना घेऊ नये. टायमिंग चुकल्याने सहसा मिसिंग होत नाही, उष्णता वाढते किंवा ताकद जाते.

हे सगळे निर्दोष निघाले तर यांत्रिक बाजू उरते, तिच्याबद्दल थोडक्यात. रीडच्या, म्हणजे इनटेकमधल्या एकेरी झडपेच्या, पाकळ्या उजेडासमोर धरून कोपऱ्यातल्या भेगा पाहा. फायबरच्या पाकळ्यांचे टोक तुटले की वरचा आवाज मिसिंगसारखाच वाटतो. मॅग्नेट हाताने बाहेर-आत ओढून पाहा. मेन बेअरिंग ढिले झाले असेल तर भाराखाली पिकअपचा गॅप बदलत राहतो. कार्ब्युरेटर रबराऐवजी धातूच्या मॅनिफोल्डवर घट्ट बसवला असेल तर क्रँकच्या कंपनाने बाऊलमधले पेट्रोल फेसाळते आणि जेटला पेट्रोलऐवजी फेस मिळतो. शेवटी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये ०.४ बार हवा भरा. मिनिटाला ०.०७ बारपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचे पाणी लावून सील आणि पॅकिंग शोधा. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर इंजिन बाहेरची हवा ओढते आणि लीन होते, क्लचच्या बाजूचे गेले तर गिअर ऑइल ओढते आणि प्लग ओला करते.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर लगेच शर्यतीला जाऊ नका. ठिणगी नीट झाली म्हणजे आजवर न जळता जाणारे मिश्रण आता जळणार आणि पिस्टनवर पूर्वी नव्हती एवढी उष्णता येणार. शिवाय तुमचा १४० चा जेट कधी ठरला होता तेही पाहा. आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलला इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपेक्षा वजनाने साधारण आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट आज लीन ठरतो. उलट १५ अंशांच्या सकाळी बसवलेला जेट ३८ अंशांच्या दुपारी रिच (पेट्रोल जास्त) होतो, कारण हवेची घनता तेवढ्यात सात टक्क्यांनी उतरलेली असते. म्हणून १५० पासून सुरुवात करा, नवा प्लग लावून सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल द्या, वरच्या आरपीएमलाच क्लच दाबून इंजिन बंद करा, आणि प्लगच्या चिनीमातीचा तळाशी असलेला रंग पाहून एका वेळी एकच नंबर खाली या.